परदेशी चिया आणि घरचे जवस

आषाढी एकादशीच्या दिवशी मराठी घरात जे ताट वाढले जाते त्याच्याकडे वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले तर मोठी गंमत वाटते. साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्या बाजारात मिळणारा साबुदाणा मुख्यतः तामिळनाडूतील सेलमच्या आसपासच्या कारखान्यांत टॅपिओकाच्या कंदापासून तयार होतो आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतले शेंगदाणे त्याच खंडातले, मिरची मेक्सिकोकडची आणि बटाटा पुन्हा दक्षिण अमेरिकेतलाच. शेजारी रताळ्याचा कीस असला तर रताळ्याचे माहेरही तेच. उरता उरले वरीचे तांदूळ, जिरे, तूप आणि दही. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातील वारकऱ्याने खिचडीच्या या थाळीतील एकही मुख्य जिन्नस चाखलेला नसणार. तरीही आज हे सारे पदार्थ इतके आपले झाले आहेत, की उपवासाच्या पावित्र्याशी त्यांचा संबंध अनादी आहे असे आपण धरून चालतो.

याच ताटात राजगिऱ्याचा लाडू असतो. त्याची कथा तर याहूनही मनोरंजक आहे. मेक्सिकोतील अॅझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ मधात किंवा काकवीसारख्या गोड रसात मळून त्याच्या देवमूर्ती करीत आणि पूजेनंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. तिथे आजही राजगिऱ्याच्या लाह्यांची गोड वडी विकली जाते आणि तिचे स्पॅनिश नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद, असे आहे. ती आपल्या एखाद्या मराठी बहिणीच्या हाती दिली तर ती राजगिऱ्याची चिक्की म्हणून बिनदिक्कत उपवासाला खाईल.

श्रोतेहो, राजगिऱ्याची ही वंशावळ सांगण्याचे कारण असे, की या राजगिऱ्याच्या जोडीला मेक्सिकोच्या कोठारांत आणखी एक बी साठवले जात असे. सोळाव्या शतकात, १५४१ च्या सुमारास, तयार झालेली ‘कोडेक्स मेंडोझा’ नावाची एक चित्रमय पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. कोणत्या प्रांताने अॅझ्टेक राजधानीला किती खंडणी द्यावयाची याची चित्रे तिच्यात काढलेली आहेत. त्यांत मका, घेवडा आणि राजगिरा यांच्या कणग्यांबरोबर चियाच्या बियांच्याही कणग्या आहेत. म्हणजे ज्या चियाची पाकिटे आज मुंबई-दिल्लीच्या दुकानांत काचेमागे मांडलेली दिसतात, ती चिया एका काळी तेथील सामान्य प्रजेने सारा म्हणून भरलेले धान्य होती. महसूल खात्याशी ज्याचा संबंध आला आहे अशा माझ्यासारख्या माणसाला या चित्रांविषयी थोडी अधिक आत्मीयता वाटली तर श्रोत्यांनी आश्चर्य मानू नये.

स्पॅनिश विजेत्यांच्या राजवटीत गहू आणि इतर युरोपीय पिके पुढे आली व चिया मागे पडली. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या काही डोंगराळ भागांत ती तग धरून राहिली. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली तिला ‘साल्विया हिस्पानिका’ असे शास्त्रीय नाव दिले. हिस्पानिका म्हणजे स्पेनची. वस्तुतः ती मेक्सिकोची. स्पेनमध्ये ती नेऊन लावलेली होती एवढेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चियाची ओळख कशासाठी झाली असेल? मातीच्या प्राण्यांच्या अंगावर ही बी थापून, पाणी शिंपडून, हिरवे केस उगवणारी खेळणी विकण्यासाठी! नवरात्रात घटाभोवती आपण धान्य रुजवतो तसाच हा प्रकार, परंतु त्यात भक्तीचा भाग नव्हता. पुढे १९९१ पासून अर्जेंटिनाच्या वायव्य भागात नव्या पिकांचे जे प्रयोग झाले त्यांतून चियाची व्यापारी शेती पुन्हा सुरू झाली, आणि २००९ साली युरोपीय संघाने तिला ‘नवे अन्न’ म्हणून मान्यता दिली. हजारो वर्षे खाल्लेल्या अन्नाला नवे म्हणण्याचा अधिकार शासनसंस्थांना असतो. मी त्यांच्याच पंक्तीतला असल्याने यावर अधिक भाष्य करीत नाही.

भारतात चिया रुजविण्यात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. या संस्थेच्या प्रयत्नांतून म्हैसूरच्या परिसरातील शेतकऱ्यांनी हे पीक घेण्यास आरंभ केला. दिवस लहान होऊ लागले म्हणजे फुलणारी ही वनस्पती असल्याने आपल्याकडे ती रब्बीत पेरतात. पाणी बेताचे लागते, आणि पानांच्या उग्र वासामुळे गुरे व रोही तिला सहसा तोंड लावीत नाहीत असे शेतकरी सांगतात. रोह्यांच्या उपद्रवाने ज्यांनी हरभरा गमावला आहे त्यांना या गुणाची किंमत सांगावयास नको. मध्य प्रदेशात नोकरीच्या निमित्ताने काही काळ घालविला तेव्हा नीमचची मंडी मी पाहिली. इसबगोल, अश्वगंधा, कलौंजी यांच्या ढिगांचे लिलाव होणाऱ्या त्या मंडीत आता चियाचेही लिलाव होतात. करडी, काळी-पांढरी ठिपकेदार अशी ती बारीक बी पोत्यातून ओतली जाताना अगदी पाण्यासारखी वाहते.

आता ही बी खावयाची कशासाठी? चिया ही तुळस, सब्जा आणि पुदिना यांच्या कुळातील आहे. पाण्यात टाकली असता तिच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण तयार होते आणि ती स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी धरून ठेवते. हे आवरण म्हणजे विद्राव्य चोथा होय. पोटात गेल्यावर तो अन्न सावकाश पुढे सरकू देतो, साखर रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते, आणि कोठा साफ होण्यास मदत होते. शंभर ग्रॅम चियात सुमारे ३४ ग्रॅम चोथा, १६ ते १७ ग्रॅम प्रथिने, ३१ ग्रॅम स्निग्धांश आणि ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हे आकडे पाकिटावर छापलेले असतात आणि ते खोटे नाहीत. अडचण एवढीच आहे, की शंभर ग्रॅम चिया कोणी खात नाही. जेवणाच्या मोठ्या चमच्यात ती सुमारे बारा ग्रॅम मावते. म्हणजे आपल्या वाट्याला चार ग्रॅम चोथा, दोन ग्रॅम प्रथिने आणि पाऊणशे मिलिग्रॅम कॅल्शियम आले.

या हिशेबाची आपल्या ताटाशी तुलना करून पाहावी. साठ-सत्तर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी केली तर तिच्यातून सहा-सात ग्रॅम चोथा मिळतो. मूठभर, म्हणजे कोरडी तीस ग्रॅम, मटकी भिजवून तिची उसळ केली तर आणखी चार-पाच ग्रॅम. नाचणीच्या तेवढ्याच पिठाच्या भाकरीतून दोनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळते. दोन हजार उष्मांकांचा आहार घेणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे तीस ग्रॅम चोथा हवा असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मत आहे. दुपारी पांढरा भात, रात्री मैद्याचा पाव आणि मधल्या वेळी बिस्किटे असा ज्यांचा आहार झाला आहे, त्यांच्या हिशेबातली तूट एका चमच्याने भरून निघण्यासारखी नाही. चोथ्यासाठी म्हणून चिया विकत घेणे म्हणजे घरची विहीर बुजवून बंबाचे पाणी मागविण्यासारखे आहे.

परंतु एका बाबतीत मात्र चियाचा दावा खरोखर भक्कम आहे, आणि तिथे मी तिची बाजू घेईन. आपल्या शरीराला काही स्निग्ध आम्ले बाहेरूनच मिळावी लागतात; ती शरीरात तयार होत नाहीत. त्यांतील एक कुटुंब ओमेगा-३ या नावाने ओळखले जाते. मासे खाणाऱ्यांना ते बांगडा, तारली यांतून तयार स्वरूपात मिळते, म्हणून कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील मंडळींना याची फारशी चिंता नाही. शाकाहाऱ्याला मात्र अल्फा-लिनोलेनिक आम्ल या वनस्पतिजन्य रूपावर भागवावे लागते. ते आपल्या स्वयंपाकघरात कुठून येते? बंगाल-बिहारकडे मोहरीच्या तेलातून काही प्रमाणात येते. परंतु शेंगदाण्याचे, करडईचे आणि सूर्यफुलाचे तेल यांत ते जवळजवळ नसतेच, आणि महाराष्ट्रातील शाकाहारी स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या याच तेलांवर चालत आला आहे. चियाच्या एका मोठ्या चमच्यात हे आम्ल सुमारे दोन ग्रॅम असते. अमेरिकेत प्रौढ पुरुषाला दिवसाला १.६ ग्रॅम आणि स्त्रीला १.१ ग्रॅम पुरेसे मानतात. म्हणजे चोथ्याच्या बाबतीत तुटपुंजा ठरलेला तोच चमचा इथे दिवसाची गरज पुरी करतो. हे आम्ल माशांतील ओमेगा-३ मध्ये रूपांतरित होण्याचे प्रमाण शरीरात फार थोडे असते, हे खरे. म्हणून चियाला माशाची बरोबरी करता येणार नाही. तथापि ज्याच्या पानात मासा यावयाचाच नाही, त्याला हा आधार लहान नव्हे.

या मुद्द्याला जोडूनच एक तपशील सांगतो, कारण त्याविषयी बरेच चुकीचे बोलले जाते. जवस कुटून खावे लागते, पण चिया अख्खी खाल्ली तरी चालते, असे विक्रेते सांगतात. अमेरिकेत डेव्हिड नीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या एका गटाला दहा आठवडे रोज २५ ग्रॅम अख्खी चिया दिली आणि दुसऱ्या गटाला तेवढीच दळलेली. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दळलेली चिया खाणाऱ्यांच्या रक्तातच ओमेगा-३ चे प्रमाण लक्षणीय वाढले होते. अख्खी खाणाऱ्यांत ते वाढले नव्हते. तेव्हा ज्याला चियातील स्नेह हवा असेल त्याने ती भरड दळून घ्यावी. नुसता चोथा हवा असेल तर अख्खी भिजविलेली पुरे.

याच नीमन यांचा आधीचा, २००९ सालचा प्रयोग अधिक उद्बोधक आहे. वजन अधिक असलेल्या स्त्री-पुरुषांना त्यांनी बारा आठवडे दिवसातून दोनदा २५ ग्रॅम चिया पाण्यातून दिली. म्हणजे रोजचे पन्नास ग्रॅम, आपले चार मोठे चमचे. वजन उतरले नाही. रक्तदाब आणि रक्तातील घटक यांतही फरक पडला नाही. उलट २०१७ साली टोरांटो येथील व्लादिमीर वुक्सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांवरील सहा महिन्यांच्या प्रयोगाचा वृत्तान्त दिला. त्यात चिया घेणाऱ्यांचे वजन १.९ किलोने आणि तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटाचे ०.३ किलोने उतरले होते. मात्र हे सारे लोक आधीच मोजून-मापून कमी उष्मांकांचा आहार घेत होते, आणि चियाचे प्रमाणही दर हजार उष्मांकांमागे तीस ग्रॅम इतके भरघोस होते. सहा महिन्यांत दीड-पावणेदोन किलोंचा फरक काहीच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु सकाळी पेलाभर पाण्यात चमचाभर चिया घालून प्यायली की पोट आपोआप उतरते, असे जे सांगितले जाते त्याला यांतल्या कोणत्याही प्रयोगाचा आधार नाही. माझ्या कचेरीतील एक स्नेही टेबलावर चियाच्या पाण्याची बाटली ठेवतात. ती अतिशय नियमितपणे रिकामी होते. चार वाजता येणारी समोशाची बशीही तितक्याच नियमितपणे रिकामी होते. त्या चमच्यातही सुमारे ५८ उष्मांक असतात आणि ते समोशाच्या उष्मांकांतून वजा न होता त्यांत मिळविले जातात, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

हा विनोदाचा भाग झाला. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या. कोणीतरी पाठविलेला एक मजकूर वाचून त्यांनी चिया सुरू केली, पंधरा दिवसांनी प्रकृती हलकी वाटू लागली म्हणून एक गोळी आणि महिन्याने दुसरी बंद केली. एका पहाटे त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. वाचले, पण उजवा हात आता पूर्वीसारखा चालत नाही. त्यांच्या पत्नीने मला विचारले, “भावजी, ती बी वाईट होती का हो?” बी वाईट नव्हती. तिने रक्तदाब थोडा उतरविलाही असेल. काही प्रयोगांत तसे आढळले आहे. परंतु ‘थोडा उतरतो’ आणि ‘औषधाची गरज उरत नाही’ या दोन वाक्यांतील अंतर कोणी त्यांना समजावून सांगितले नव्हते. मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे ज्यांना चालू आहेत त्यांनी अशी बी रोज भरपूर प्रमाणात सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे, आणि औषधाच्या गोळीबरोबरच ती घेऊ नये. मध्ये तास-दोन तास जाऊ द्यावेत. बुळबुळीत चोथा ज्याप्रमाणे साखर अडवितो, त्याप्रमाणे औषधही अडवू शकतो.

दुसरी सावधगिरी याहून साधी, परंतु तितकीच महत्त्वाची आहे. कोरडी चिया चमच्याने तोंडात टाकून वरून पाणी कधीही पिऊ नये. २०१४ साली अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एका ३९ वर्षांच्या माणसाची हकीकत मांडण्यात आली. त्याने चमचाभर कोरडी बी खाऊन पेलाभर पाणी प्यायले. बी अन्ननलिकेतच फुगली, तिचा घट्ट गोळा झाला आणि तो दुर्बिणीच्या साहाय्याने मोकळा करावा लागला. त्याला गिळण्याचा त्रास पूर्वीपासून अधूनमधून होत असे. आपल्याकडे वृद्ध माणसांना असा त्रास पुष्कळदा असतो आणि ती बोलून दाखवीत नाहीत. म्हणून घरातील आजी-आजोबांना व लहान मुलांना द्यावयाची झाल्यास ती अर्धा तास तरी भिजलेली, पातळ पदार्थात मिसळलेली असावी. आणि ज्याला आजवर चोथ्याची सवय नाही त्याने लहान चमच्यापासून आरंभ करावा, पाणी वाढवावे. नाहीतर पोट फुगून तो पहिल्याच आठवड्यात सारा बेत सोडून देईल.

बाजारात चिया आणि सब्जा यांची सर्रास गल्लत होते. सब्ज्याचे बी एकरंगी, काळेभोर आणि किंचित लांबट असते. चियाचे अंडाकृती, गुळगुळीत आणि ठिपकेदार. पाण्यात टाकल्यावर सब्जा दोन-चार मिनिटांतच टपोरा होतो, चियाला अधिक वेळ लागतो. सब्जा हा उन्हाळ्यातील सरबताचा आणि फालुद्याचा जुना सोबती. गुजरातेत त्याला तकमरिया म्हणतात आणि कर्नाटकात कामकस्तूरी. मेक्सिकोत लिंबाच्या सरबतात चिया घालून पितात, आणि त्या पेल्यात व आपल्या सब्ज्याच्या सरबताच्या पेल्यात नजरेला फरक दिसणार नाही. ज्याला केवळ उन्हाळ्यात थंडावा आणि थोडा चोथा हवा आहे त्याने सब्जा घेतला तरी काम भागते. इसबगोलाची गोष्ट त्याच जातीची. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश येथील आपला इसबगोल साऱ्या जगाचा कोठा साफ ठेवीत आहे. आपण त्यांची चिया घेतो, ते आपला इसबगोल घेतात. हा व्यवहार मला न्याय्य वाटतो.

परंतु ज्या एका गुणासाठी मी चियाची बाजू घेतली, त्याच गुणात तिच्यापेक्षा सरस असे एक बी आपल्या घरात शतकानुशतके होते. ते म्हणजे जवस. जवसाच्या शंभर ग्रॅममध्ये अल्फा-लिनोलेनिक आम्ल सुमारे २३ ग्रॅम असते. चियात ते १८ च्या आसपास आहे. प्रथिने जवळजवळ सारखीच. चोथा जवसात थोडा कमी, २७ ग्रॅम, आणि कॅल्शियम बरेच कमी. पण त्याची भरपाई तीळ करतात. विदर्भ आणि मराठवाड्यात जवसाची चटणी ताटाच्या डाव्या बाजूला असणारच. भाकरी, जवसाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार, सोबत कांदा. हे शेतमजुराचे जेवण होते, आणि म्हणूनच कदाचित शहरात आलेल्या त्याच्या मुलांनी ते सोडले. एका काळी विदर्भात जवसाची शेते निळ्या फुलांनी भरून जात. ते क्षेत्र फार मोठ्या प्रमाणात घटले आहे. तेल रंग-रोगणाकडे गेले, जमीन सोयाबीन आणि हरभऱ्याकडे गेली, आणि चटणी आठवणीत गेली. आता त्याच शेतमजुराच्या नातवाला नागपूरच्या दुकानात ‘फ्लॅक्स सीड’ या नावाने, सुबक पाकिटात, तेच जवस पुन्हा विकत मिळते. नाव बदलले की किंमत वाढते, हा बाजाराचा नियम आहे. त्याबद्दल मी दुकानदाराला दोष देत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या श्रोत्यांना जवस शोधण्यासाठी पुण्या-नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उत्तरेत ते अलसी या नावाने कोणत्याही किराण्याच्या दुकानात मिळते; पंजाबात थंडीच्या दिवसांत अलसीची पिन्नी करतात ती आपल्या लाडवाचीच बहीण. कारळे हिंदी प्रदेशात रामतिल म्हणून, उत्तर कर्नाटकात गुरेळ्ळु आणि म्हैसूरकडे हुच्चेळ्ळु म्हणून मागावेत. अळीव हालिम किंवा चंसूर या नावाने मिळतात. या प्रत्येक बीला आपल्या घरात एक जागा होती आणि ती विचाराअंती ठरलेली दिसते. अळीव बाळंतिणीसाठी, नारळ व गूळ घालून लाडवात. गरोदरपणात नव्हे, बाळंतपणानंतर. तीळ पौषाच्या थंडीत, बाजरीच्या भाकरीवर थापलेले आणि गुळात बांधलेले. कारळे व जवस बारमाही, पण चमच्या-दोन चमच्यांच्या मापाने, चटणीच्या रूपात. तोंडीलावणे या शब्दातच त्याचे प्रमाण सांगितलेले आहे.

तर चिया घ्यावी की न घ्यावी? ज्याला परवडते आणि आवडते त्याने अवश्य घ्यावी. दह्यात किंवा ताकात भिजवून ठेवावी, लापशीत घालावी, थालीपिठाच्या भाजणीत दळून मिसळावी. चव अशी तिला जवळजवळ नाहीच, हा तिचा मोठा सोयीचा गुण. जी मुले जवसाला नाक मुरडतात ती चियाची तक्रार करीत नाहीत. उपवासाला ती चालते की नाही असे मला दोघी-तिघींनी विचारले आहे. राजगिऱ्याला ज्या न्यायाने प्रवेश मिळाला तो न्याय हिलाही लागू आहे, एवढेच माझे मत. निर्णय घरातील ज्येष्ठ स्त्रीने द्यावा. परंतु ज्या घरात महिन्याच्या किराण्याची यादी दोनदा तपासून दुकानात जाते, त्या घरातील गृहिणीने चियाचे पाकीट परत ठेवले म्हणून मुलांच्या आरोग्याच्या बाबतीत आपण काही कमी करीत आहोत, अशी रुखरुख बाळगू नये. तिने पाव किलो जवस घ्यावे.

ते निवडून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे. कच्चे जवस मोठ्या प्रमाणात खाणे बरे नव्हे. भाजण्याची आपली रीत त्या दृष्टीनेही योग्य आहे. गार झाल्यावर सुक्या लाल मिरच्या, लसणाच्या पाकळ्या, जिरे आणि मीठ घालून ते कुटावे. खलबत्ता नसेल तर मिक्सर चालेल, पण थांबूनथांबून फिरवावा. एकसारखा फिरविला तर तेल सुटून चटणीचा गोळा होतो. अख्खे जवस कोरड्या बरणीत काही महिने टिकते, परंतु कुटलेले लवकर खवट होते, म्हणून आठ-दहा दिवस पुरेल एवढीच चटणी करून घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावी. ती खवट झाली हे ओळखणेही सोपे आहे. जवसाच्या तेलावरच जुने रंगारी आपले रंग कालवीत असत. डबा उघडल्यावर नुकत्याच रंगविलेल्या दारासारखा वास आला, तर ती चटणी टाकून द्यावी आणि नवी कुटावी.